मी अडवलेली पत्रे

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला फारसे काही वाटणार नाही. झाकणाचा रंग उडालेला, कळांवरची अक्षरे पुसलेली, चार्जरची वायर काढली की दहा मिनिटांत मान टाकणारा असा मी एक म्हातारा लॅपटॉप आहे. एका भल्या माणसाला मला फक्त एक वाक्य सांगायचे होते. ते सांगता आले नाही. म्हणून आज तुम्हाला सगळे सांगतो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणी माझा पडदा बसवला, कोणी कळा बसवल्या. एका बाईंनी माझ्या पोटात नखाएवढे वायरलेस कार्ड ठेवून त्याला दोन बारीक तारा जोडल्या. त्या तारा माझे कान. हवेतून येणारे सगळे निरोप मी त्यांनीच ऐकतो. पहिली सहा वर्षे मी एका विमा कार्यालयात काढली. तिथे माझ्यावर कोणाचा जीव नव्हता. नवे लॅपटॉप आले, तशी आमची रवानगी जिन्याखाली झाली. तिथल्या ढिगातून मला बाहेर काढले ते टिकूने.

टिकू एका घड्याळजींची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती घड्याळासारखी अखंड बोलायची, म्हणून घरात तिचे नाव टिकू पडले. ती तेव्हा कॉलेजात संगणक शिकत होती. तिने माझ्यातले जुने सगळे पुसले आणि लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घातली. मी एकदम हलका झालो, झोपेतून उठल्यासारखा भराभर चालू लागलो. पण माझे कान बंद पडले. वायरलेस कार्डाला लागणारी एक छोटी फाइल लिनक्ससोबत आलीच नव्हती, आणि इंटरनेट नसल्यामुळे ती उतरवूनही घेता येईना.

टिकूने हार मानली नाही. बाहेरच्या खोलीत कपाटावर इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर होता. त्याला तिने लांब वायर जोडली आणि मला मांडीवर घेऊन ती कपाटाखाली जमिनीवरच बसली. चार दिवस ती तिथे बसून होती. माझ्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम लिहायचे, उत्तर वाचायचे, कपाळाला हात लावायचा, पुन्हा लिहायचे. तिची आई येता-जाता चहाचा कप शेजारी ठेवायची आणि विचारायची, "लागलं का गं?"

"नाही गं आई. कार्ड दिसतंय, पण जागंच होत नाहीये."

चौथ्या दिवशी दुपारी माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एकावर एक चार कमानी उजळल्या, वायरलेस जोडले गेल्याची खूण. टिकूने वायर उपसून काढली आणि मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ती घरभर नाचली. विमा कार्यालयात सहा वर्षांत मला कोणी असे उचलले नव्हते.

पुढे टिकूला दूरच्या शहरात नोकरी लागली. तिथेच तिचे लग्नही झाले. मला तिने आईबाबांसाठी मागे ठेवले. दर रविवारी सकाळी ती माझ्या पडद्यावर यायची. त्याआधी अर्धा तास तिची आई केस विंचरून, साडी बदलून माझ्यासमोर बसायची. घड्याळजी मागे उभे राहून उगाच म्हणायचे, "एवढं काय नटायचं? मुलगीच तर आहे."

एकदा काय झाले, मी नवे अपडेट घेतले आणि पुन्हा बहिरा झालो. टिकूने फोनवरून बाबांना एकेक पायरी सांगायला सुरुवात केली.

"बाबा, काळी खिडकी उघडा."

"खिडक्या सगळ्या उघड्याच आहेत गं. काळी कुठली?"

"घरातली नाही हो! लॅपटॉपवरची!"

मग तिने एक हुकूम अक्षराअक्षराने सांगितला. घड्याळजींनी तो दोन बोटांनी लिहिला आणि ते दचकले. "अगं, याच्या शेवटी 'किल' आहे. मरणार तर नाही ना हा?"

"नाही बाबा, उलट त्याला उठवायचंय. आता पासवर्ड लिहा."

"लिहितोय, पण काहीच उमटत नाहीये."

"उमटत नाही ते, पण आत जातंय. तुम्ही लिहून कळ दाबा."

कमानी उजळल्या. आईने टाळ्या वाजवल्या. घड्याळजींनी त्याच दिवशी सगळ्या पायऱ्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून काढल्या. टिकूने सांगितल्या तेवढ्या सात पायऱ्या. तो कागद घडी घालून माझ्याखाली ठेवलेला असे.

मग वाईट वर्ष आले. टिकूला दिवस गेले होते आणि तिची प्रकृती नाजूक होती. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचेही नाही असे बजावले होते. त्याच महिन्यात तिच्या आईचे दुखणे कळले, आणि ते बरे होण्यासारखे नव्हते. आईने नवऱ्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "तिला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. माझी शपथ आहे."

रविवार चालू राहिले. आई आता उशांना टेकून बसायची. गळ्याभोवती शाल घ्यायची, म्हणजे उतरलेले खांदे दिसणार नाहीत. घड्याळजी मला अशा कोनात धरायचे की फक्त चेहरा दिसावा, औषधांचे टेबल दिसू नये. माझा कॅमेरा तेवढेच दाखवायचा. "बारीक झालीस का गं?" असे टिकूने एकदा विचारले. "तुझ्या लॅपटॉपचा दोष," असे म्हणून आई हसली. तो दोष मी निमूटपणे घेतला.

टिकूला मुलगी झाली. आईने नातीला माझ्या पडद्यावर पाहिले, बोटाने पडद्यावरचा तिचा गाल पुसला. त्यानंतर नवव्या दिवशी आई गेली.

टिकूला सगळे कळले ते त्यानंतर. ती माझ्याच पडद्यावरून बाबांशी बोलली. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मला येता आलं नसतं, मान्य आहे. पण मला तिच्याशी बोलता तरी आलं असतं, बाबा!"

"दर आठवड्याला बोलत होतीस ना..."

"ते बोलणं नव्हतं. ते नाटक होतं. तिला माहीत, तुम्हाला माहीत, आणि मी एकटीच वेडी. भाजीत मीठ किती घालायचं ते विचारत बसले होते मी तिला!"

घड्याळजींनी शपथेचे सांगायला तोंड उघडले, पण शब्द भलतेच आले. "तू तिथून आरडाओरडा करून काय झालं असतं?" ते म्हणाले. म्हणताक्षणी त्यांना कळले, पण वाक्य गेले होते. टिकू म्हणाली, "आता फोन नको. बोललो की आपण एकमेकांना लागेल असंच बोलतो. काही सांगायचं असेल तर लिहा. मलाही लिहायचं असेल तेव्हा मी लिहीन."

पडदा काळा झाला.

घड्याळजींची थोरली बहीण, टिकूची आत्या, भावाला सोबत म्हणून राहायला आली. ती स्वभावाने प्रेमळ आणि हाताने कामसू. माझ्यावर धूळ बसते म्हणून तिने जाड कापडाची एक गवसणी शिवली, अगदी मापात, चारही बाजूंनी घट्ट. घड्याळजींनी मला तीत सरकवले आणि दुसऱ्या दिवशी बाहेर ओढले, तेव्हा गवसणीची शिवण माझ्या पुढच्या कडेला अडकली. मित्रांनो, त्या कडेला माझे एक छोटे सरकते बटण आहे. जुन्या लॅपटॉपना असे बटण असायचे. ते उजवीकडे असले की माझे वायरलेस कान उघडे, डावीकडे गेले की बंद. शिवणीने ते डावीकडे ओढले. बटणाजवळचा निळा दिवा विझून नारिंगी लागला. घड्याळजींना वाटले, बॅटरीचा असेल.

दुपारी एक ते चार दुकान बंद असायचे. त्या वेळात त्यांनी टिकूला पत्र लिहायला घेतले. तीन दिवस ते लिहीत होते. लिहायचे, पुसायचे, भिंग लावून पुन्हा वाचायचे. शेवटी राहिले ते थोडेसेच. 'बाळ, आईने शपथ घातली होती. पण ती मोडायला हवी होती, हे आता कळतं. चूक माझी आहे. तू ये. नातीला घेऊन ये. मी स्टेशनवर घ्यायला येईन.' त्यांनी पाठवायची कळ दाबली. कोपऱ्यात इंग्रजीत एक छोटी पाटी उमटली आणि त्यांनी चष्मा सावरेपर्यंत विझून गेली. पत्राची खिडकी मिटली. "दिसत नाही, पण जातंय," असे ते स्वतःशीच म्हणाले.

जात नव्हते. पत्र माझ्याच पोटात पडून होते. मी ओरडू शकत नव्हतो. माझ्याकडे तेवढा नारिंगी दिवा होता, तो मी जळत ठेवला.

एक महिना गेला, दुसरा गेला. घड्याळजी रोज दुपारी मला उघडायचे, काही आले का पाहायचे आणि बंद करायचे. आत्या म्हणायची, "अरे, एक फोन कर ना."

"तिने नको म्हटलंय, अक्का. लिहिलंय मी. वाचून उत्तर द्यायला वेळ लागतो माणसाला."

अडीच महिने झाल्यावर मात्र त्यांना शंका आली. यंत्रातच काही बिघाड असावा असे धरून त्यांनी तो कॅलेंडरचा कागद काढला. डोळ्याला घड्याळाचे भिंग लावून माझ्या पोटाचे स्क्रू काढले. माझ्या कानांच्या तारा कुंचल्याने साफ केल्या, कार्ड काढून पुन्हा बसवले. त्यांच्या हातांइतके हलके हात मला पुन्हा लागले नाहीत. मग ते एकेक पायरी करत गेले. पाचव्या पायरीला तो 'किल'चा हुकूम होता. कागदावर लिहिले होते, 'सॉफ्ट ब्लॉक्ड समोर येस आले तर सहावी पायरी करावी.'

माझ्या पडद्यावर सॉफ्ट ब्लॉक्ड समोर 'नो' आले. आणि त्याखाली दुसरी ओळ आली. 'हार्ड ब्लॉक्ड : येस.'

त्या ओळीबद्दल कागदावर काही नव्हते.

मित्रांनो, मी खरे तेच सांगितले होते. 'माझे कडेचे बटण बंद आहे, ते हाताने सरकवा,' एवढाच त्याचा अर्थ. पण माझी भाषा अशी की जाणकारालाच कळावी. घड्याळजी त्या ओळीकडे बघत राहिले. शेजारी आत्या आपल्या फोनवर नातवाचा व्हिडिओ पाहत होती. तो अगदी सुरळीत चालला होता.

"अक्का, तुझ्या फोनला इंटरनेट कुठून येतं?"

"आपलंच की, त्या कपाटावरच्या डब्यातून."

"म्हणजे ते चालू आहे. बरं, हे ब्लॉक करणं म्हणजे काय गं?"

"ते होय? एखादं माणूस नकोसं झालं ना, की त्याला ब्लॉक करतात. मग त्याचे फोन नाहीत, पत्रं नाहीत, काहीच येत नाही. माझ्या सुनेने नाही का त्या जाहिरातवाल्याला केलं?"

घड्याळजींनी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवले. "आणि हार्ड म्हणजे... पक्कं. घट्ट."

आत्याने ती ओळ वाचली. तिचा चेहरा उतरला. "टिकू असं करेल? मी विचारू का तिला?"

तेव्हा त्या माणसाने बहिणीसमोर हात जोडले. "नको अक्का. तिला आणखी त्रास नको. तिने विचार करूनच केलं असेल."

भावाने आजवर तिच्यासमोर कधी हात जोडले नव्हते. म्हणून आत्या गप्प बसली. मीही गप्पच होतो. त्यांचे बोट माझ्या पडद्यावर होते. तिथून ते बटण वीतभर खाली होते.

मला वाटले, आता ते मला उघडणार नाहीत. पण दोन आठवड्यांनी ते पुन्हा समोर बसले आणि लिहू लागले. पत्र पोचणार नाही असे मनाशी धरल्यामुळे त्यांचा हात मोकळा झाला होता. पहिल्या वेळी त्यांना चार ओळींना तीन दिवस लागले होते. आता ते दुपारभर लिहायचे. आई शेवटी काय बोलली, तिला कशाचे हसू आले, कोणत्या साडीत तिला नेले, हे सगळे त्यांनी लिहिले. एकदा लिहिले, 'नात रांगायला लागली असेल. टेबलाच्या कोपऱ्यांना कापड बांध. तू लहान असताना मी बांधलं होतं.' लिहून झाले की ते पाठवायची कळ दाबायचे आणि थोडा वेळ तसेच बसायचे. अशी एकूण अकरा पत्रे माझ्या पोटात साठली.

एके दिवशी सकाळी ते दुकानात गेले ते परत आले नाहीत. समाचाराला आलेल्या लोकांच्या बोलण्यातून मला कळले. डोळ्याला भिंग लावून ते एका घड्याळावर वाकले होते. समोरचे गिऱ्हाईक बराच वेळ थांबून राहिले. त्याला वाटले, काम नाजूक असेल.

टिकू आली. कडेवर मुलगी होती. पाचव्या दिवशी तिला आईबाबांचा एकत्र असा फोटो हवा होता, म्हणून तिने मला गवसणीतून काढले. ती बारीक झाली होती. फोटो शोधता शोधता ती आत्याला म्हणाली, "मी विचारलं होतं गं त्यांना, येऊ का म्हणून. चार वेळा लिहिलं. एकदा दुकानात फोनसुद्धा केला. 'हॅलो, घड्याळ दुरुस्ती' असं म्हणाले आणि मला बोलताच आलं नाही, ठेवून दिला. पण लिहिलेल्याचं उत्तर तरी द्यायचं! एवढा राग?"

आत्या नातीला थोपटत होती, ती थांबली. "उत्तर कसं देणार तो? तूच त्याला ब्लॉक केलं होतंस ना?"

"मी? कोणी सांगितलं तुला?"

"कोणी कशाला? ह्याच्यावरच लिहून आलं होतं. मला दाखवलं त्याने. हार्ड ब्लॉक्ड, येस."

टिकूने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे कमानी नव्हत्या. मग न बघताच तिचा हात माझ्या पुढच्या कडेवर गेला आणि अंगठ्याने ते बटण उजवीकडे सरकवले.

निळा दिवा लागला. माझे कान उघडले. राउटरने मला ओळखले, आणि माझ्या पोटात सहा महिने अडकलेले सगळे बाहेर धावले. खुंटीला अडकवलेल्या टिकूच्या पिशवीत फोन वाजला. पुन्हा वाजला. अकरा वेळा वाजला. आत्या म्हणाली, "बघ तरी कोण आहे." टिकू उठली नाही. कोण आहे ते तिला कळले होते.

त्याच वेळी माझ्याकडे तिची चार पत्रे येऊन पडली. पहिले बाबांच्या पहिल्या पत्रानंतर दोनच दिवसांनी लिहिलेले होते. 'बाबा, मी येऊ का? मोठं पत्र नको. फक्त "ये" एवढं लिहा.'

मुलीने 'येऊ का' विचारले होते आणि बापाने दोन दिवस आधीच 'ये' म्हटले होते. मध्ये मी होतो.

टिकू रडली ती नंतर, कॅलेंडरचा तो कागद हातात आल्यावर. "त्या दुसऱ्या ओळीचं मी सांगितलंच नाही गं आत्या," ती म्हणत होती. "मला वाटलं, त्या बटणाला कोण हात लावतंय. एक ओळ. एकच ओळ लिहायला सांगितली असती तर..." आत्याने गवसणी उचलून पदराखाली धरली होती. बटणाला अडकणारी ती शिवण कोणाची, हे तिलाही उमगले होते. छोटी मात्र रांगत टेबलापर्यंत गेली आणि टिकूने धावत जाऊन त्याच्या कोपऱ्यावर हात धरला. तोवर तिने कोपऱ्यांना कापड बांधायचे ते पत्र वाचलेलेही नव्हते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपून ठेवा, असे मी तुम्हाला सांगत नाही. माझे आयुष्य झाले. मला दुसरेच सांगायचे आहे. कोणाचे उत्तर आले नाही, तर नकारच आला असे धरून बसू नका. फोन करा, शेजाऱ्याला विचारायला सांगा, उठून जा. आणि घरातल्या मोठ्या माणसाला एखादे यंत्र शिकवाल तेव्हा ते पुरते शिकवा. 'याला कोण हात लावतंय' असे वाटेल ते आधी सांगा.

टिकू महिनाभर राहिली. लिनक्सचे शब्द आपापल्या भाषेत आणणारी मंडळी जगभर आहेत, हौसेने काम करणारी. एका दुपारी तिने त्यांना एक लांब पत्र लिहिले. वायरलेस असे बंद असेल तेव्हा पडद्यावर काय दिसावे, ते तिने साध्या मराठीत लिहून पाठवले होते. काही दिवसांनी उत्तर आले. मजकूर चांगला आहे, घेऊ, पण शेवटचे वाक्य तांत्रिक नाही, ते काढावे लागेल. टिकूने ते काढून त्यांना पाठवले. माझ्यावर मात्र तिने पूर्ण मजकूर ठेवला. आता ते बटण डावीकडे गेले, की माझ्या पडद्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत लिहून येते :

'वायरलेस बंद आहे. लॅपटॉपच्या पुढच्या कडेचं छोटं बटण उजवीकडे सरकवा. तुम्हाला कोणीही अडवलेलं नाही.'